वैद्यराज हुआ तुओ

कवायतीची शिटी वाजली की काही मुलांचे चेहरे उतरतात, हे आम्ही शिक्षक नित्य पाहतो. व्यायाम म्हणजे शिक्षा, अशी त्यांची समजूत झालेली असते. परंतु सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चीन देशात एक थोर वैद्य होऊन गेले. त्यांनी रचलेल्या व्यायामाचे नावच मुळी खेळ असे आहे. त्या हुआ तुओ यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी वाचावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हुआ तुओ यांचा जन्म इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात झाला. त्यांचे गाव आजच्या आन्हुई प्रांतातील बोझौ. हान राजघराण्याचा तो पडता काळ होता. जिकडेतिकडे बंडाळी आणि लढाया माजल्या होत्या. तरुणपणी परगावी राहून त्यांनी अनेक ग्रंथांचे अध्ययन केले. दोन वेळा त्यांच्याकडे सरकारी मानाच्या जागा चालून आल्या. दोन्ही त्यांनी नाकारल्या आणि गावोगाव हिंडून रुग्णसेवा पत्करली. त्यांच्या औषधांत मोजक्याच वनस्पती असत, आणि सुया टोचायच्या त्या एकदोन ठिकाणीच. मद्यातून एक चूर्ण देऊन ते रोग्यास बेशुद्ध करीत व पोटावर शस्त्रक्रिया करीत, अशी नोंद तिसऱ्या शतकातील इतिहासकार छन शौ याने केली आहे. त्या चूर्णाची कृती मात्र पुढे लोपली.

रोग बरा करण्याहून रोग होऊच न देणे त्यांना अधिक मोलाचे वाटे. देहाला श्रम हवेत, पण अतिश्रम नकोत, हे त्यांचे सूत्र होते. हालचालीने अन्न पचते आणि रक्त वाहते राहते. नित्य उघडझाप होणाऱ्या दाराची खुंटी कुजत नाही, हा दृष्टान्त ते शिष्यांना देत. व्यायामाची ही विद्या चीनमध्ये त्यांच्याही आधीची. चांगशा शहराजवळ मावांगद्वी येथे १९७३ साली एक थडगे उघडले. ते इ. स. पूर्व १६८ मधील होते, आणि त्यातील रेशमी पटावर व्यायाम करणाऱ्या ४४ मानवाकृती रंगविलेल्या आढळल्या. हुआ तुओ यांनी वाघ, हरिण, अस्वल, वानर आणि पक्षी यांच्या हालचालींवरून पाच खेळ बसविले. अंग जड वाटले की यांतील एक खेळ घाम येईपर्यंत करावा. देह हलका होतो आणि भूक लागते, असे ते सांगत. श्वास, मन आणि संथ हालचाल यांचा मेळ घालणाऱ्या ज्या व्यायामांना आज चीगाँग म्हणतात, त्यांत या पाच खेळांना मानाचे स्थान आहे.

या सत्पुरुषाचा अंत मात्र करुण झाला. त्यांच्याच गावचा त्साओ त्साओ हा त्या वेळी राज्याचा सर्वसत्ताधीश होता. त्याला डोकेदुखीचा विकार होता आणि हुआ तुओ यांच्या सुईने त्याला उतार पडे. म्हणून त्याने त्यांना आपल्याजवळच ठेवून घेतले. एका माणसाच्या दाराशी बांधलेले ते जिणे त्यांना मानवेना. घरची ओढ लागून ते रजेवर गावी गेले आणि पत्नीच्या आजाराचे निमित्त सांगून परतलेच नाहीत. त्साओ त्साओने माणसे धाडली. पत्नी खरोखरच आजारी असल्यास चाळीस मापे कडधान्य देऊन रजा वाढवावी, खोटे असल्यास त्यांना धरून आणावे, असा हुकूम होता. खोटे उघडकीस आले. श्युन यू नावाच्या मंत्र्याने रदबदली केली, ती व्यर्थ गेली.

मृत्यूपूर्वी हुआ तुओ यांनी आपला वैद्यकाचा ग्रंथ तुरुंगाच्या रखवालदारापुढे धरला; त्याने माणसांचे प्राण वाचतील, असे विनविले. कायद्याच्या भयाने रखवालदाराने तो घेतला नाही. हुआ तुओ यांनी आग्रह केला नाही. विस्तव मागितला आणि ग्रंथ जाळून टाकला. पुढे इ. स. २०८ मध्ये त्साओ त्साओचा लाडका मुलगा त्साओ छुंग आजारी पडला. नावेच्या साहाय्याने हत्तीचे वजन करण्याची युक्ती सुचविणारा म्हणून प्रसिद्ध असलेला तो हाच बुद्धिमान मुलगा. चिनी गणनेने तो अवघा तेरा वर्षांचा होता, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा. तो वाचला नाही. हुआ तुओ यांना मारल्याचा पश्चात्ताप त्साओ त्साओला झाला तो तेव्हा.

ग्रंथ गेला, तरी पाच खेळ राहिले. कारण ते शिष्यांच्या अंगी मुरले होते. वू पू हा शिष्य ते नित्यनेमाने करी. नव्वदी उलटल्यावरही त्याचे कान, डोळे आणि दात शाबूत होते, असे इतिहास सांगतो. पुढील शतकांत त्या खेळांचे वर्णन ग्रंथांत आले आणि २०११ साली चीनने त्यांना राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

जुन्या वर्णनांतील तीन सोपे प्रकार घरी करून पाहता येतील. हरिणासाठी हातपाय जमिनीला टेकून मान वळवावी आणि मागे पाहावे. तीनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. अस्वलासाठी सतरंजीवर उताणे निजून हातांनी गुडघ्यांखाली धरावे, डोके किंचित उचलावे व सात सात वेळा दोन्ही कुशींवर डोलावे. पक्ष्यासाठी उभे राहून एक पाय उचलावा आणि पंखांसारखे हात पसरावेत. मग पाय बदलावा. वडीलधाऱ्यांनी भिंतीचा आधार घ्यावा. पोट भरलेले नसावे, श्वास कोंडू नये आणि दुखेल इतके ताणू नये. अतिश्रम नकोत, हे मूळ गुरूंचेच सांगणे आहे.

त्या रखवालदाराला आम्ही दोष देत नाही, तो भ्याला. परंतु एकाच पोथीत बांधलेली विद्या एका विस्तवाने संपते आणि दुसऱ्याला शिकविलेली विद्या टिकते, एवढे त्या रात्रीपासून शिकण्यासारखे आहे. उद्या शिटी वाजेल तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी वू पूची आठवण ठेवावी, आणि घरी धाकट्या भावंडांनाही एखादा खेळ शिकवावा.