हॅरॉल्ड मॅन

हॅरॉल्ड हार्ट मॅन (१८७२ – १९६१) हे ब्रिटिश कृषिरसायनशास्त्रज्ञ, मृदा-अभ्यासक आणि ग्रामीण समाजाचे संशोधक होते. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि मुंबई इलाख्याचे कृषी संचालक म्हणून त्यांनी काम केले. आसाममधील चहाच्या जमिनी, नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी आणि कोकणातील राब पद्धत हे त्यांच्या मृदाविषयक अभ्यासाचे प्रमुख विषय होत. पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुक या गावांची त्यांनी केलेली सर्वेक्षणे भारतातील ग्रामीण अर्थशास्त्राच्या आरंभीच्या मूलभूत अभ्यासांत गणली जातात.

प्रारंभिक जीवन

मॅन यांचे शिक्षण यॉर्कशरमध्ये झाले. रसायनशास्त्राचे शिक्षण पूर्ण झाल्यावर ते रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या सेवेत रुजू झाले. या संस्थेचे बेडफर्डशर परगण्यातील वोबर्न येथे १८७६ पासून प्रयोगक्षेत्र होते. तेथील जमीन हलकी, वाळूमिश्रित व पाण्याचा चटकन निचरा होणारी होती. अशा जमिनीतून पावसाच्या पाण्याबरोबर चुना खाली वाहून जातो आणि जमीन हळूहळू आम्लधर्मी होते.

आसाममधील कार्य

इंडियन टी असोसिएशनने १९०० साली मॅन यांची वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक केली. ब्रह्मपुत्रा व बराक या नद्यांच्या मैदानांत जंगल तोडून चहाचे मळे वसवले गेले होते. तेथील जमिनींचे पृथक्करण करून त्यांनी आसाममधील चहाच्या जमिनींवर १९०१ मध्ये, तर काछाड व सिल्हेटच्या जमिनींवर १९०३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केले.

चहाला आम्लधर्मी जमीन मानवते. मात्र मुळांशी पाणी साचलेले चालत नाही. त्यामुळे नदीच्या मैदानातील जुन्या गाळाच्या, थोड्या उंचावरील आणि निचऱ्याच्या जागा मळ्यांसाठी उपयुक्त ठरतात. सखल दलदलीच्या जमिनींत चर खणून पाणी काढून दिल्यानंतरच लागवड करता येते. उत्तर गोलार्धातील थंड सूचिपर्णी वनांमध्येही नदीकाठच्या निचऱ्याच्या वाळवट जमिनीतून चुना असाच धुपून जातो. परंतु तेथे आम्लयुक्त पाणी लोह व ॲल्युमिनियमही खाली नेते आणि वर राखाडी रंगाचा फिकट थर उरतो. उष्ण व पावसाळी प्रदेशात याउलट सिलिका अधिक प्रमाणात निघून जाते, लोह मागे राहते आणि जमिनीला तांबूस रंग येतो.

सर जॉर्ज वॉट यांच्यासमवेत मॅन यांनी चहावरील कीड व रोगांविषयीच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९०३ मध्ये सिद्ध केली.

पुणे कृषी महाविद्यालय व नीरा खोरे

१९०७ मध्ये मॅन पुण्यास कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर तेव्हा ऊस वाढत होता, पण काही वर्षांतच अनेक शेतांवर पांढरे क्षार दिसू लागले होते. वि. अ. ताम्हणे यांच्यासह मॅन यांनी या जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० साली त्यावर पुस्तिका काढली. काळ्या चिकण जमिनीला पाणी भरपूर मिळाले, पण ते निघून जाण्यास वाट नसली, तर भूजलाची पातळी वर येते. बाष्पीभवनाने पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर साचतात. यावर पाणी बेताने देणे व निचऱ्याचे चर काढणे हे उपाय आहेत. कालव्यासोबत निचऱ्याची तरतूद न केल्यास सुपीक जमीन कायमची वाया जाऊ शकते, हा या प्रश्नाचा गाभा होता. महाराष्ट्रातील बागायती पट्ट्यांत तो आजही संपलेला नाही.

राब पद्धतीचा अभ्यास

नीरा खोऱ्याच्या नेमकी उलट परिस्थिती सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आढळते. आजच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके याचे ठळक उदाहरण होत. तेथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगरउतारावरील तांबूस, उथळ वरकस जमिनीतून पाणी वेगाने वाहून जाते आणि त्याबरोबर पोषकद्रव्ये व मातीही जाते. पावसाळ्यात तुडुंब वाहणारे ओहोळ उन्हाळ्यात कोरडे पडतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी समाजांचे शेतकरी या जमिनीत नागली व वरई, तर सखल खाचरांत भात पिकवतात.

या पिकांची रोपे राबात वाढवली जातात. रोपवाटिकेच्या तुकड्यावर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर रचून वर माती पसरतात आणि पावसाळ्यापूर्वी ते भाजतात. पहिल्या पावसाच्या सुमारास त्या जागी बी पेरले जाते आणि वाढलेली रोपे उपटून शेतात लावली जातात.

राबासाठी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागत असल्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत शेतकरी आणि वनखाते यांच्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीव्र वाद झाला होता. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने ही पद्धत जंगलाची नासाडी करणारी होती, तर शेतकऱ्यांच्या दृष्टीने राबाचा हक्क गेला म्हणजे रोप गेले आणि रोप गेले म्हणजे वर्षाचे धान्य गेले.

मॅन यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह या पद्धतीची प्रयोगशाळेत व शेतात तपासणी केली. हा अभ्यास १९१२ मध्ये भारत सरकारच्या कृषी खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. राबाचा लाभ केवळ राखेच्या खतामुळे होतो असे नसून जमीन तापण्यालाही स्वतंत्र महत्त्व आहे, ही बाब त्यातून पुढे आली. मातीला उष्णता लागल्याने तिच्यातील पोषकद्रव्ये रोपांना अधिक सहज उपलब्ध होतात. शेतकऱ्यांची परंपरागत रीत अज्ञानातून आलेली आहे असे गृहीत न धरता तिच्यामागील कारण शोधणे, हे या संशोधनाचे वैशिष्ट्य होय.

ग्राम सर्वेक्षणे

यॉर्क शहरातील गरिबीविषयी सीबोम राउंट्री यांनी केलेल्या पाहणीचा मॅन यांच्यावर प्रभाव होता. त्यांनी प्रथम वोबर्नजवळच्या रिजमाँट या गावाची पाहणी केली. पुण्यात आल्यावर १९१२ साली त्यांनी शहरातील अस्पृश्य समाजांच्या आर्थिक स्थितीवर लेख लिहिला.

पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विभागली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. पाहणीतील १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह फक्त शेतीवर होत होता, २८ कुटुंबे बाहेरील मजुरीच्या आधाराने तग धरून होती, तर उरलेल्या ६७ कुटुंबांचे उत्पन्न गरजेपेक्षा कमी होते. कानिटकर यांच्यासह केलेला कोरडवाहू जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ मध्ये निघाला. तेथे सुमारे ८५ टक्के कुटुंबांची स्थिती अशीच बिकट आढळली.

जमिनीच्या तुकडीकरणावरील चर्चेत या आकडेवारीचा वारंवार आधार घेतला गेला. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात लहान धारणांविषयीचे विधेयक मांडण्यात आले. मात्र भूमिहीनता वाढण्याच्या भीतीने त्यास विरोध झाला व ते बारगळले. त्याच वर्षी मॅन मुंबई इलाख्याच्या कृषी संचालकपदावरून निवृत्त झाले.

वोबर्न येथील उत्तरायुष्य

१९२८ मध्ये मॅन वोबर्नला परतले आणि १९५६ पर्यंत तेथील प्रयोगक्षेत्राची धुरा त्यांच्याकडे होती. अमोनियम सल्फेटच्या सततच्या वापराने तेथील काही वाफे इतके आम्लधर्मी झाले होते की सातूचे पीक जवळजवळ येईनासे झाले होते. चुना घातल्यावर ते पुन्हा सुधारत असे. वाळवट जमिनीत शेणखत, कंपोस्ट व मैलागाळ यांतील सेंद्रिय द्रव्य किती काळ टिकते, याचे दीर्घकालीन प्रयोगही त्यांच्या काळात सुरू झाले. मुंबई दख्खनमधील १८६५ ते १९३८ या काळातील पर्जन्यमान व दुष्काळ यांवरील त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

मॅन यांचे सामाजिक विषयांवरील निवडक लेख डॅनियल थॉर्नर यांनी संपादित केले आणि ते त्यांच्या निधनानंतर मुंबईहून प्रसिद्ध झाले. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग असून तेथील शेतांची जागा निवासी वसाहतींनी घेतली आहे. जव्हार व मोखाडा तालुक्यांत मात्र राब अद्याप भाजला जातो. उताराच्या जमिनीतून पाणी व माती वाहून जाणे आणि पावसाळ्यानंतर मजुरीसाठी कुटुंबांना गाव सोडावे लागणे, हे तेथील प्रश्न कायम आहेत. जमिनीचे गुणधर्म आणि ती कसणाऱ्या कुटुंबाचा जमाखर्च यांचा एकत्रित विचार करण्याची मॅन यांची पद्धत अशा प्रदेशांच्या अभ्यासात आजही उपयोगी पडते.