विश्लेषण : गायरान जमिनीचा वाद मराठवाड्यात का सुटत नाही? भूमिहीनांचा सत्याग्रह उभारणारे दादासाहेब गायकवाड कोण होते?

गायरानावरील अतिक्रमणे हटवण्याची चर्चा सुरू झाली, की अंबाजोगाई तालुक्यासारख्या भागात ती जमीन कसणारी कुटुंबे घरातली जुनी कागदपत्रे बाहेर काढतात. त्यात स्वतःच्या नावाचा सातबारा नसतो. असतात त्या दंडाच्या पावत्या, पंचनाम्याच्या नकला आणि तलाठ्याकडून कधीतरी मिळवलेला उतारा. अतिक्रमण केले म्हणून भरलेला दंड हाच जमीन कसत असल्याचा पुरावा ठरतो. ही वेळ का आली, हे समजून घ्यायचे तर कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

गायरान म्हणजे काय?

गावातील जनावरांना मोफत चरता यावे यासाठी राखून ठेवलेली जमीन म्हणजे गायरान. तिची मालकी सरकारची, तर वापर गावाचा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार अशी जमीन राखून ठेवता येते. तिथे परवानगीशिवाय शेती केली किंवा घर बांधले, तर कलम ५० नुसार ते अतिक्रमण ठरते आणि त्याची नोंद गाव नमुना १-ई मध्ये होते.

मराठवाड्यात या जमिनी कसायला घेणाऱ्यांमध्ये मोठा वाटा भूमिहीन दलित कुटुंबांचा आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतील अशी जमीन बहुतेक ठिकाणी मुरमाड. दगडधोंडे वेचून, बांध घालून ती पेरणीयोग्य करावी लागते. हक्काची दोन एकर जमीन असेल, तर ऊसतोडीला जाण्याशिवाय दुसरा आधार मिळतो, हे बीड जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

दादासाहेब गायकवाड कोण होते?

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. तरुणपणीच ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीत आले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षे चालू ठेवण्याची जबाबदारी मुख्यतः दादासाहेबांनी पेलली. गावोगावी फिरून माणसे जमवणे, त्यांच्या जेवणाची व्यवस्था लावणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घराकडे पाहणे ही कामे त्यांनी केली. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दोघांमधील विश्वास किती होता, हे त्यातून कळते.

१९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते मुंबई प्रांताच्या विधानसभेत निवडून गेले. महार वतन आणि कोकणातील खोती रद्द करण्यासाठी याच पक्षाने विधेयके आणली होती. गावकीची कामे करायची आणि त्या बदल्यात वतनाच्या तुकड्यावर गुजराण करायची, ही व्यवस्था मोडल्याशिवाय दलितांची सुटका नाही, ही त्यामागची भूमिका होती. जमिनीचा प्रश्न दादासाहेबांच्या राजकारणात असा सुरुवातीपासूनच होता.

भूमिहीनांचा सत्याग्रह काय होता?

मराठवाडा निजामाच्या राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झाला. त्यानंतर १९५३ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने इथे पडीक सरकारी जमिनीसाठी सत्याग्रह केला. १९५६ मध्ये बाबासाहेबांचे निधन झाले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले.

१९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह उभारला. खानदेश, नाशिक आणि मराठवाड्यात हजारो लोकांनी अटक करून घेतली. मागणी साधी होती. सरकारकडे पडून असलेली जमीन भूमिहीनांना द्या आणि जी जमीन ते आधीच कसत आहेत ती त्यांच्या नावावर करा.

दुसरा टप्पा देशव्यापी होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देऊन ६ डिसेंबर १९६४ पासून सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमिनीचे वाटप, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, धान्याचे योग्य वाटप, बौद्धांना सवलती अशा मागण्या त्यात होत्या. पक्षाच्या दाव्यानुसार तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. त्यात लहान मुलांना कडेवर घेऊन आलेल्या बायाही होत्या. सरकारच्या आश्वासनानंतर १९६५ च्या सुरुवातीला सत्याग्रह थांबला.

त्यांच्यावर टीका का झाली?

पक्षातील बी. सी. कांबळे यांच्या गटाला ही पद्धत मान्य नव्हती. सत्याग्रहापेक्षा घटनात्मक मार्गाने जावे आणि कम्युनिस्टांपासून दूर राहावे, असे या गटाचे म्हणणे होते. त्यातून १९५९ च्या सुमारास पक्षात फूट पडली. पुढे १९६७ मध्ये दादासाहेबांनी काँग्रेसशी जुळवून घेतले. त्यामुळे चळवळीची धार गेली, असा आरोप नंतरच्या पिढीने केला. १९६२ ते १९६८ या काळात ते राज्यसभेत होते, १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी सत्याग्रहातील अनेक कुटुंबे जमीन कसत होती, पण ती त्यांच्या नावावर झालेली नव्हती.

त्यानंतर सरकारने काय केले?

१९७८ च्या शासन निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद झाली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने ही मुदत १४ एप्रिल १९९० पर्यंत वाढली. मात्र पुरावा हवा होता आणि तो तलाठ्याच्या नोंदीवर अवलंबून होता. ज्याची नोंद १-ई मध्ये झालीच नाही, तो प्रत्यक्षात कितीही वर्षे कसत असला तरी यादीबाहेर राहिला. ज्यांना दंड झाला, त्यांच्या हाती निदान पावती तरी आली.

२८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेले पट्टे मात्र अपवाद ठरू शकतात, असेही त्याच निकालात आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राज्य सरकारने सुमारे २.२२ लाख अतिक्रमणांची आणि त्याखालील सुमारे १० हजार हेक्टर गायरानाची माहिती दिली. नोटिसा निघाल्या आणि राज्यभर विरोध झाला.

चराईचे काय?

दुसरी बाजूही खरी आहे. गायरान कमी झाले की ज्याच्याकडे स्वतःचे शेत नाही, पण चार शेळ्या आहेत, त्याची अडचण होते. मेंढपाळांचे मार्ग तुटतात. २०१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. आता गायरानांसह सरकारी जमिनी सौरऊर्जा प्रकल्पांनाही दिल्या जात आहेत. म्हणजे एकाच जमिनीवर जनावरे, भूमिहीन, गावठाणाबाहेरची घरे आणि प्रकल्प असे चार दावे आहेत.

अमेरिकेतही सरकारी कुरणांवरून वाद आहे. तिथे १९३४ च्या कायद्याने पशुपालकांना परवाना आणि शुल्क लागू झाले. शुल्क नाकारणाऱ्या पशुपालकांचा २०१४ मध्ये नेवाडा राज्यात सरकारशी सशस्त्र तणाव झाला. पण तिथे भांडणारा शेकडो गुरांचा मालक आहे. इथे अनेकदा गुरे गावातील जमीनदाराची असतात आणि पीक भूमिहीनाचे. उभ्या पिकात जनावरे सोडण्यावरून मराठवाड्यात मारहाणीचे गुन्हे दाखल झाले, ते याच कारणाने.

आज नेमका पेच काय?

राज्य सरकारची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून सुरू आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तिची तरतूद आहे. २०१८ पासून त्यासाठी पूर्ण अनुदान आहे. पण त्यासाठी खासगी मालकाने ठरलेल्या दराने जमीन विकायला तयार व्हावे लागते आणि तशी जमीन मिळणे अवघड जाते.

दादासाहेबांच्या नावाने सरकार जमीन विकत घेऊन द्यायला तयार आहे. त्यांच्या सत्याग्रहात ज्या जमिनीची मागणी झाली होती, ती कसणाऱ्यांना मात्र नोटीस येते. गायरान वाचवायचे की भूमिहीनांना द्यायचे, हा निर्णय गावनिहाय मोजणीनंतरच घेता येईल. किती जमीन खरोखर चराईची आहे, किती १९९० पूर्वीपासून पिकाखाली आहे आणि किती बड्या लोकांनी बळकावली आहे, हे आधी वेगळे करावे लागेल. तोवर १९७८ चा असो की १९९१ चा, शासन निर्णय कागदावर राहील आणि तहसील कार्यालयात पुरावा म्हणून दंडाची पावतीच दाखवावी लागेल.