विष्णू नारायण भातखंडे
पंडित विष्णू नारायण भातखंडे (जन्म : वाळकेश्वर, मुंबई, १० ऑगस्ट १८६०, मृत्यू : मुंबई, १९ सप्टेंबर १९३६) हे हिंदुस्थानी संगीताचे शास्त्रकार, बंदिशींचे संग्राहक व संगीतशिक्षणाचे प्रवर्तक होते. मौखिक परंपरेने चालत आलेल्या बंदिशी कागदावर उतरविण्यासाठी त्यांनी सिद्ध केलेली स्वरलिपी ‘भातखंडे स्वरलिपी’ या नावाने आजही प्रचलित आहे.

जीवन

बालपणापासून त्यांना गायन व बासरीची आवड होती. पुढे त्यांनी सतारीचे शिक्षण घेतले. १८८४ मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. १८८७ मध्ये कायद्याची पदवी मिळवून त्यांनी काही काळ वकिली केली. पत्नी व एकुलती कन्या यांच्या निधनानंतर त्यांनी व्यवसाय सोडून उर्वरित आयुष्य संगीताला वाहिले. १९०४ पासून त्यांनी दक्षिण भारतासह देशभर प्रवास केले, जुने ग्रंथ अभ्यासले व गायक-वादकांशी चर्चा केली.

बंदिशींचा संग्रह

त्या काळी बंदिश ही घराण्याची ठेव मानली जाई. ती परक्यास शिकविण्यास अनेक उस्ताद नाखूश असत. उस्तादाबरोबर त्याची विद्याही लोप पावण्याचा धोका होता. रावजीबुवा बेलबागकर, जयपूरचे महंमद अली खाँ व आशिक अली खाँ तसेच रामपूरचे वजीर खाँ यांच्याकडून भातखंडे यांनी विद्या मिळविली. या परिश्रमांतून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती – क्रमिक पुस्तक मालिका’ हा सहा भागांचा संग्रह सिद्ध झाला. त्यात त्यांनी ‘चतुर’ व ‘हररंग’ या नावांनी रचलेल्या बंदिशीही आहेत.

स्वरलिपी

भातखंडे स्वरलिपीचा पाया देवनागरी अक्षरे हाच आहे. तिची प्रमुख चिन्हे अशी :

- शुद्ध स्वराला चिन्ह नाही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ व तीव्र मध्यमाच्या वर उभी रेघ.
- मंद्र सप्तकासाठी स्वराखाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू.
- एका मात्रेत अनेक स्वर असल्यास त्यांच्याखाली कमान. मींड असल्यास स्वरांवर कमान.
- कणस्वर मुख्य स्वराच्या वर लहान अक्षरात.
- कंसातील स्वर म्हणजे त्याभोवतीच्या स्वरांसह घ्यावयाचा स्वर; उदा., (प) म्हणजे धपमप.
- स्वर लांबविण्यासाठी आडवी रेघ, तर गीताचे अक्षर लांबविण्यासाठी अवग्रह (ऽ).
- समेसाठी ×, खालीसाठी ० व इतर टाळ्यांसाठी अंक. त्रितालाच्या चार विभागांखाली ×, २, ०, ३ अशी चिन्हे येतात.

समकालीन विष्णू दिगंबर पलुस्कर यांचीही स्वतंत्र स्वरलिपी होती. तिच्यात मात्राकालाच्या भेदांसाठी वेगवेगळी चिन्हे आहेत. भातखंडे यांची चिन्हे मोजकी असल्यामुळे ती विद्यार्थ्यांना लवकर अवगत होतात.

ग्रंथ व संस्था

‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा गुरुशिष्य-संवादरूप मराठी ग्रंथ चार भागांत आहे. व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांचा अभ्यास करून त्यांनी प्रचारातील रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले आणि बिलावल हा शुद्ध स्वरांचा थाट मानला. त्यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय (१९१८) व लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) यांच्या स्थापनेतही त्यांचा मोठा वाटा होता.

मर्यादा व वारसा

दरबारी कानडा व बागेश्री या दोन्ही रागांत कोमल गंधार एकाच रेघेने दाखविला जातो. दरबारीतील गंधाराचे आंदोलन त्या रेघेत दिसत नाही. त्यामुळे या लिपीतून बंदिशीचा आराखडा मिळतो, परंतु गायकीसाठी गुरुमुखाची आवश्यकता राहतेच. दहा थाटांत सर्व राग नीट बसत नाहीत, हाही एक आक्षेप आहे. तरीही शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर आदींनी ही पद्धती पुढे नेली. संगीत विद्यालयांतील क्रमिक पुस्तकांत ती रूढ झाली आणि तिच्या चिन्हांसाठी संगणकीय टंकही तयार झाले आहेत. १९६१ मध्ये भारतीय टपाल खात्याने भातखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. लखनौचे महाविद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे.