दातांच्या फटीतले जग पाहणारा कापडविक्रेता

मानवी मुखातील जिवाणू सर्वप्रथम पाहणारा संशोधक दंतवैद्य नव्हता, की विद्यापीठाचा पदवीधरही नव्हता. अँटोनी व्हॅन लीवेनहोक हे नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात कापडाचे दुकान चालवीत. १६३२ मध्ये एका टोपल्या विणणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. सोळाव्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे त्यांनी उमेदवारी केली आणि १६५४ मध्ये गावी परतून स्वतःचा व्यवसाय थाटला. पुढे नगरपालिकेत नोकरी मिळाली. पाच अपत्यांपैकी मारिया ही एकच कन्या जगली.

कापडाचा पोत भिंगातून पारखता पारखता त्यांना भिंगे घासण्याचा छंद जडला. त्यांच्या एकाच भिंगाच्या छोट्याशा सूक्ष्मदर्शकातून वस्तू अडीचशे पटींहून मोठी दिसू शके. १६७३ पासून ते आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवू लागले. लॅटिन येत नसल्याने ते डच भाषेतच लिहीत. पाण्यातील सूक्ष्म जीवांविषयीच्या त्यांच्या पत्रावर प्रारंभी कोणाचा विश्वास बसला नाही. मात्र १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी त्याची खातरजमा केली.

१७ सप्टेंबर १६८३ च्या पत्राचा विषय होता त्यांचे स्वतःचे दात. लीवेनहोक दररोज सकाळी मिठाने दात घासून चुळा भरीत, जेवणानंतर दाढा कोरीत आणि फडक्याने पुसून काढीत. वयाच्या पन्नाशीतही त्यांचे दात शुभ्र होते व हिरड्यांतून रक्त येत नसे. तरीही दाढांच्या फटीत पांढरा, चिकट थर साचलेला त्यांना दिसला. तो पाण्यात कालवून भिंगाखाली धरताच त्यात असंख्य जीव वळवळताना आढळले. कधीही दात न घासणाऱ्या एका वृद्धाच्या मुखात तर त्यांची संख्या प्रचंड होती. हे जीव दात किडण्यास कारणीभूत ठरू शकतात, हे विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तोवर दोन शतके लोटली होती.

लीवेनहोक १७२३ मध्ये नव्वदाव्या वर्षी निवर्तले. त्यांनी पाहिलेला थर आज ‘प्लाक’ म्हणून ओळखला जातो. तो काढून टाकला तरी काही तासांत पुन्हा साचू लागतो, आणि बराच काळ तसाच राहिला तर कठीण होऊन त्याचे कीटण बनते. ते घरी ब्रशने निघत नाही, त्यासाठी दंतवैद्यच गाठावा लागतो. म्हणूनच फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, मऊ ब्रशने दात घासावेत. लीवेनहोक यांच्याप्रमाणे खरखरीत मीठ मात्र वापरू नये, त्याने दातांचे आवरण झिजू शकते. ब्रश दोन दातांमधील फटीत पोहोचत नसल्याने दिवसातून एकदा दंतधाग्याने वा फटींसाठीच्या बारीक ब्रशने ती जागा स्वच्छ करावी. घासताना रक्त आले म्हणून अनेकजण घासणेच थांबवतात. वस्तुतः ते बहुधा हिरड्यांना सूज आल्याचे लक्षण असते. अशा वेळी हळुवारपणे सफाई चालू ठेवावी आणि रक्तस्राव थांबला नाही तर दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. आपले दात स्वच्छ आहेत, अशी खात्री लीवेनहोक यांनाही होती. तरीही त्यांनी फटीत काय उरले आहे ते पाहिले.