रेन्वार यांचा हात आणि आपले सांधे

१९१५ मध्ये साशा गित्री या फ्रेंच नाटककाराने चित्रित केलेली एक छोटी मूकफीत आजही पाहायला मिळते. पांढऱ्या दाढीचा एक कृश वृद्ध खुर्चीत बसला आहे. हाताची बोटं तळव्याकडे वळून आखडली आहेत. शेजारचा मुलगा त्या बोटांत ब्रश खोचून देतो आणि वृद्ध झपाझप रंगवू लागतो. हे जगप्रसिद्ध चित्रकार पिएर-ऑगस्त रेन्वार आणि तो त्यांचा धाकटा मुलगा क्लोद.

रेन्वार यांचा जन्म १८४१ चा, फ्रान्समधल्या लिमोज गावचा. वडील शिंपी. तेराव्या वर्षी मुलगा चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं रंगवायच्या कामाला लागला. पुढे पॅरिसमध्ये चित्रकला शिकला आणि १८७४ मध्ये मोने, देगा यांच्यासोबत इम्प्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनात उतरला. उमेदीची बरीच वर्षं ओढगस्तीत गेली.

नाव आणि पैसा मिळू लागला तेव्हाच, १८९२ च्या सुमारास, सांधे दुखू लागले. १८९७ मध्ये सायकलवरून पडून उजवा हात मोडला आणि त्यानंतर दुखणं बळावतच गेलं. हा होता ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, असा हा आजार. तो सरळ रेषेत वाढत नाही. काही दिवस बरे जातात, मग अचानक उफाळतो, सांधे सुजतात. त्या काळी त्याला रोखणारं औषधच नव्हतं. रेन्वार गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचारांसाठी जात आणि हिवाळा दक्षिणेच्या उबदार हवेत काढत. १९०७ मध्ये त्यांनी कान्य गावी ऑलिव्हच्या झाडांमधली एक जागा घेतली आणि तिथेच घर बांधलं.

हात सैल राहावेत म्हणून ते रोज सकाळी छोटे चेंडू हवेत उडवून झेलत. चेंडू धरणं अशक्य झालं, तेव्हा दुसरे सोपे खेळ शोधले. नखं तळव्यात रुतून जखमा होऊ नयेत म्हणून हाताला कापडाच्या पट्ट्या गुंडाळत. या पट्ट्यांमुळेच ब्रश हाताला बांधलेला असे, असा समज पसरला. खरं तर ब्रश बोटांच्या बेचक्यात ठेवला जाई आणि पकड त्यांचीच असे. मोठं चित्र बसल्या जागेवरून रंगवता यावं म्हणून कॅनव्हास रुळांवर गुंडाळून वर-खाली सरकवायची सोय केली होती. १९१३ पासून रिशार गिनो हा तरुण शिल्पकार त्यांच्या सूचनेनुसार शिल्पं घडवू लागला. हात गिनोचे, नजर रेन्वार यांची.

१९१२ च्या सुमारास चालणं बंद झालं. पुढे बंगालमध्ये येऊन ‘द रिव्हर’ हा चित्रपट करणारे त्यांचे पुत्र ज्याँ रेन्वार यांनी तेव्हाची एक आठवण लिहून ठेवली आहे. एका डॉक्टरांनी खूप मेहनत घेऊन वडिलांना उभं केलं. ते काही पावलं चालले, पुन्हा खुर्चीत बसले आणि यापुढे चालायचं नाही असं सांगून टाकलं. चालण्यातच सगळी ताकद संपली असती, तर चित्रांसाठी काय उरणार?

पुढची वर्षं फार कठीण होती. पहिल्या महायुद्धात दोन मुलगे जखमी झाले, १९१५ मध्ये पत्नी आलीन गेली. तरीही सुमारे ११० बाय १६० सेंटिमीटरचं ‘द बेदर्स’ हे चित्र त्यांनी १९१९ मध्ये पूर्ण केलं. त्याच वर्षी ३ डिसेंबरला वयाच्या ७८ व्या वर्षी ते गेले.

ही गोष्ट निव्वळ जिद्दीची म्हणून सांगितली, तर ती अर्धीच राहील. रेन्वार यांच्या हाताशी माणसं होती, पैसा होता. आणि आज मेथोट्रेक्सेटसारखं औषध वेळेत सुरू झालं, तर बहुतेकांचे हात असे वाकडे होत नाहीत. म्हणून सकाळी तासभराहून अधिक वेळ सांधे आखडत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर वय झालं म्हणून सोसत बसू नका. पहिल्या काही महिन्यांतच डॉक्टरांकडे या. आमच्याकडे येणारे कितीतरी रुग्ण सांधे वाकडे झाल्यावरच येतात, याचं वाईट वाटतं.

गुडघ्यांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, हा वेगळा आणि कितीतरी अधिक आढळणारा आजार. त्यात सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात जातो. चालून झीज वाढेल या भीतीने अनेक जण हालचालच बंद करतात. त्याने मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि गुडघ्यावरचा भार उलट वाढतो. चालणं सोडण्याचा रेन्वार यांचा निर्णय आपल्यासाठी नाही. चेंडू झेलण्याचा नेम मात्र जरूर घ्यावा.

दुखणं उफाळलं की एक-दोन दिवस जिने, उकिडवं बसणं, लांब चालणं कमी करा, पण अंथरूण धरू नका. शेक किंवा बर्फ, ज्याने बरं वाटेल ते घ्या. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर त्यांचा परिणाम होतो. दुखणं ओसरताच व्यायाम हळूहळू पुन्हा सुरू करा. सांधा लाल, गरम झाला आणि तापही आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि रोजच्या कामांपैकी कशासाठी ताकद राखून ठेवायची, हे ठरवा. नातवाला शाळेत सोडणं असेल, भजनाला जाणं असेल. बाकीच्या कामांना घरच्यांची मदत घ्यायला संकोच कशाला? रेन्वार यांनाही ब्रश कुणीतरी हातात द्यावाच लागत होता.