वादळाच्या तोंडी कॅमेरा : फ्रँक हर्ली

सहलीहून परत आल्यावर आपल्या मोबाइलमध्ये चार-पाचशे फोटो सहज निघतात. त्यातले शंभर ठेवा आणि बाकीचे कायमचे पुसून टाका, असे कुणी सांगितले तर जिवावर येते. ज्यांनी आपले असेच सुमारे चारशे फोटो बर्फावर बसून स्वतःच्या हाताने फोडले, त्या फ्रँक हर्ली यांची ही गोष्ट.

हर्ली यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८८५ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे झाला. शाळेत मन रमेना, म्हणून तेराव्या वर्षी ते घरातून पळून गेले आणि लिथगो गावच्या पोलाद कारखान्यात कामाला लागले. (हा भाग अनुकरणीय नाही, हे पालकांच्या समाधानासाठी येथेच नमूद करतो.) सतराव्या वर्षी त्यांनी पंधरा शिलिंगांचा कोडॅकचा साधा पेटी-कॅमेरा घेतला, तोही आठवड्याला एक शिलिंग हप्त्याने. पुढे ते चित्रांच्या पोस्टकार्डांच्या धंद्यात शिरले. खडकांवर फुटणाऱ्या लाटा आणि समोरून धडधडत येणारी आगगाडी हे त्यांचे आवडते विषय होते. आगगाडीचा फोटो हवा, तर रुळांपाशी जाऊन उभे राहायचे, असा त्यांचा खाक्या.

१९११ मध्ये डग्लस मॉसन यांची मोहीम अंटार्क्टिकाला निघाली आणि हर्ली त्यांचे छायाचित्रकार झाले. मोहिमेचा तळ पडला तो केप डेनिसन येथे. तेथे वादळाच्या मागे धावावे लागत नाही, वादळच दाराशी बसलेले असते. उंच हिमपठारावरची थंडगार, जड हवा उतारावरून घसरत समुद्राकडे येते आणि येताना तिचा वेग वाढत जातो. वर्षभराची सरासरीच ताशी सुमारे ८० किलोमीटर होती आणि कित्येकदा वेग १५० च्याही वर जाई. माणसे बुटांना खिळे लावून, वाऱ्यावर अक्षरशः रेलून चालत. अशा वाऱ्यात कॅमेरा धरायचा आणि कळ दाबण्यासाठी हातमोजा काढायचा, की बोटे गोठलीच. तरीही हर्ली बाहेर पडत. १९१२ च्या अखेरीस ते दोन सोबत्यांसह दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या दिशेने घसरगाडी ओढत गेले. ध्रुव गाठण्यापूर्वीच परतावे लागले आणि येताना अन्न संपत आल्याने तिघेही जेमतेम वाचले.

एवढे होऊनही १९१४ मध्ये अर्नेस्ट शॅकलटन यांच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजावर ते पुन्हा दक्षिणेला निघाले. जानेवारी १९१५ मध्ये जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकले, ते सुटलेच नाही. दक्षिण गोलार्धातला तो हिवाळा. ऑगस्टमधल्या एका रात्री हर्ली यांनी जहाजाभोवती सुमारे वीस ठिकाणी झगझगीत पूड पेटवून फोटो घेतला. त्या लखलखाटाने डोळे दिपून ते स्वतःच बर्फाच्या खड्ड्यांत धडपडले. काळ्या आकाशापुढे भुतासारखे पांढरे दिसणारे जहाज तुम्ही पुस्तकात कधी पाहिले असेल, तर तो हाच फोटो.

ऑक्टोबरअखेर बर्फाने जहाज चिरडले. काचेवरच्या निगेटिव्हांचे डबे आत पाण्याखाली गेले होते. हर्ली यांनी कपडे उतरवले, बर्फाच्या तुकड्यांनी भरलेल्या त्या पाण्यात उडी घेतली आणि डबे वर काढले. पण पुढे होड्यांतून जायचे, त्यात काचेचे ओझे कोण नेणार? म्हणून शॅकलटन आणि हर्ली बर्फावर बसले व एकेक काच उजेडात धरून निवड करू लागले. शेदीडशे ठेवल्या. उरलेल्या सुमारे चारशे तेथेच फोडून टाकल्या, कारण अखंड राहिल्या असत्या तर मन पुन्हा फिरले असते. कॅमेरेही सोडले. खिशात मावणारा एक छोटा कोडॅक आणि फिल्मची तीन रिळे, एवढेच त्यांनी बरोबर घेतले.

एप्रिल १९१६ मध्ये सर्वजण एलिफंट बेटावर पोहोचले. मदत आणण्यासाठी शॅकलटन पाच जणांना घेऊन छोट्या होडीतून निघाले. मागे राहिलेल्या बावीस जणांत हर्ली होते. ३० ऑगस्ट १९१६ रोजी त्यांची सुटका झाली.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. शॅकलटन यांची होडी निघतानाच्या फोटोत हर्ली यांनी पुढे फेरफार केला आणि तोच सुटकेचा क्षण म्हणून लोकांपुढे ठेवला. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियाचे अधिकृत छायाचित्रकार होते, तेव्हाही अनेक निगेटिव्ह जोडून त्यांनी एकेक भव्य चित्र तयार केले. युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या चार्ल्स बीन यांनी त्याला सरळ बनावट ठरवले. एका काचेत युद्धाची भीषणता मावतच नाही, असे हर्ली यांचे म्हणणे होते आणि त्यासाठी ते राजीनामा द्यायलाही निघाले. मला बीन यांचे म्हणणे पटते. जो माणूस खऱ्या फोटोंसाठी गोठत्या पाण्यात उतरला, त्यानेच असे करावे याचे नवल वाटते.

युद्धानंतर हर्ली पापुआला गेले, मॉसन यांच्याबरोबर पुन्हा अंटार्क्टिकाला गेले, दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेत होते. पत्नी आणि चार मुलांच्या वाट्याला ते फार थोडे आले. मार्च २०२२ मध्ये ‘एन्ड्युरन्स’ तीन हजार मीटर खोल समुद्रतळाशी सापडले, तेव्हा जगभर पुन्हा त्यांचेच फोटो छापले गेले. हर्ली यांचे निधन १६ जानेवारी १९६२ रोजी सिडनीत झाले. वय ७६ होते आणि कॅमेऱ्याचे काम शेवटपर्यंत सुरूच होते.