लँडस्टायनर आणि निगेटिव्ह रक्तगटाची आई

गरोदर बाईची नोंदणी झाली की तिच्या माता-बाल कार्डावर रक्तगट लिहिला जातो. बहुतेक वेळा तो रकाना पुन्हा कोणी वाचत नाही. मात्र गटापुढे निगेटिव्ह असा शब्द आला की घरात कुजबुज सुरू होते. सुनेत काही दोष आहे का, लग्नाआधी रक्त का तपासले नाही, बाळ वाचेल ना, आणि ते काही हजारांचे इंजेक्शन खरेच घ्यायचे का. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे प्रश्न मी इतकी वर्षे ऐकतो आहे की त्यांची उत्तरे पाठ झाली आहेत. पण तो रकाना कार्डावर आला कसा, हे क्वचितच कोणी विचारते. त्यासाठी सव्वाशे वर्षे मागे, व्हिएन्नाच्या एका शवविच्छेदन विभागात जावे लागते.

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म 14 जून 1868 रोजी व्हिएन्नाजवळच्या बाडेन या गावी झाला. वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार आणि वृत्तपत्राचे संपादक. कार्ल सहा वर्षांचा असताना ते वारले आणि आई फॅनी यांनी एकट्याने मुलाला वाढवले. या मायलेकरांचा जीव एकमेकांत इतका गुंतला होता की आई गेल्यानंतर तिच्या चेहऱ्याचा साचा लँडस्टायनर यांनी आयुष्यभर भिंतीवर टांगून ठेवला. स्वभावाने ते अबोल, लाजरे आणि काहीसे निराशावादी होते. गर्दी, सत्कार, भाषणे यांपासून चार हात लांब राहत.

1891 मध्ये ते डॉक्टर झाले. पण रुग्ण तपासण्यापेक्षा शरीरात रसायने काय करतात, याची ओढ त्यांना अधिक होती. विद्यार्थी असतानाच आहाराचा रक्तातील क्षारांवर काय परिणाम होतो, यावर त्यांनी लेख लिहिला होता. पदवीनंतरची पाच वर्षे त्यांनी जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये रसायनशास्त्र शिकण्यात घालवली. एमिल फिशर यांच्यासारखा गुरू त्यांना तिथे लाभला. डॉक्टर झालेल्या माणसाने पुन्हा परीक्षानळी हातात धरणे आजही लोकांना विचित्र वाटते, तेव्हाही वाटले असेल. पण पुढचे सगळे काम त्या पाच वर्षांच्या पायावर उभे राहिले.

व्हिएन्नाला परतल्यावर ते आधी आरोग्यशास्त्र संस्थेत आणि मग वाइक्सेलबाउम यांच्या विकृतिशास्त्र विभागात साहाय्यक झाले. तिथल्या दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. दिवसाचे काम ते, आणि उरलेल्या वेळात रक्त.

एका माणसाचे रक्त दुसऱ्याला दिले तर कधी तो वाचतो आणि कधी तडफडून मरतो, हे डॉक्टरांना जुनेच ठाऊक होते. दोन माणसांची रक्ते मिसळली तर कधी कधी तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, हेही दिसले होते. ते कुठल्यातरी आजाराचे लक्षण असावे, असा बऱ्याच जणांचा समज होता. लँडस्टायनर यांनी अगदी साधी गोष्ट केली. प्रयोगशाळेतल्या धडधाकट सहकाऱ्यांचे आणि स्वतःचे रक्त काढले, पेशी आणि रक्तद्रव वेगळे केले आणि प्रत्येकाचा द्रव प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिला. कुठे गुठळ्या झाल्या आणि कुठे नाही, याचे तक्ते मांडले. माणसे आजारी नव्हती, तरीही गुठळ्या होत होत्या, आणि त्यांत शिस्त होती. 1901 मध्ये त्यांनी तीन गट जाहीर केले, ए, बी आणि सी. सी म्हणजे आजचा ओ. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

त्या लेखातले बाकीचे तक्ते फारसे कोणाला आठवत नाहीत. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांचे आणि वारेतून मिळालेले रक्तही त्यांनी याच पद्धतीने तपासले होते. आई आणि बाळ यांच्या रक्ताची गाठ घालून देणारा प्रश्न त्यांच्या टेबलावर तेव्हाच येऊन पडला होता. त्याचे उत्तर मिळायला मात्र चाळीस वर्षे जायची होती.

शोध लागला म्हणून जग लगेच बदलत नाही. रक्त देण्याआधी गट जुळवून पाहण्याची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये रूबेन ऑटेनबर्ग यांनी 1907 मध्ये केली आणि तिचा प्रसार व्हायलाही महायुद्धाचा काळ उजाडला. लँडस्टायनर तोवर दुसरीकडे वळले होते. 1908 मध्ये त्यांनी एर्विन पॉपर यांच्यासोबत पोलिओ माकडांमध्ये संक्रमित करून दाखवला. तो जिवाणूंचा आजार नाही, त्याहून सूक्ष्म अशा कशाचा तरी आहे, हे त्यातून पुढे आले. पोलिओचे दोन थेंब पाजताना या माणसाची आठवण कोणाला येत नाही, कारण त्यांचे नाव रक्तगटांनाच चिकटून राहिले.

1916 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी त्यांनी हेलेन व्लास्टो यांच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला. महायुद्ध हरलेल्या व्हिएन्नात मात्र अन्न नव्हते, इंधन नव्हते आणि संशोधनाला पैसा तर नव्हताच. 1919 मध्ये हे कुटुंब हॉलंडमध्ये हेग येथे गेले. तिथल्या एका छोट्या कॅथलिक रुग्णालयात जगभर लेख वाचले जाणारा हा शास्त्रज्ञ किरकोळ तपासण्या करत होता आणि घरखर्चासाठी क्षयाच्या चाचणीचे ट्युबरक्युलिन बनवण्याचे जोडकामही करत होता. अखेर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. तिथे फिलिप लेविन या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी 1927 मध्ये एम, एन आणि पी हे आणखी रक्तघटक शोधले. 1930 चे नोबेल मिळाले ते रक्तगटांच्या शोधासाठी. प्रतिपिंडे नेमकी कोणती रसायने ओळखतात, यावरचे आपले काम अधिक मोलाचे आहे, असे त्यांना स्वतःला वाटे. मला मात्र नोबेल समितीचा निर्णय बरोबर वाटतो. रक्तपेढीत एक रात्र काढलेल्या कोणालाही तो तसाच वाटेल.

आता कार्डावरच्या त्या निगेटिव्ह शब्दाकडे येऊ. लेविन पुढे लँडस्टायनर यांची प्रयोगशाळा सोडून गेले होते. 1939 मध्ये त्यांनी आणि स्टेटसन यांनी एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. दुसऱ्या खेपेला तिचे बाळ पोटातच दगावले. रक्तस्राव झाला म्हणून तिला नवऱ्याचे रक्त दिले. एबीओ गट जुळत होता, तरी तिला जबर त्रास झाला. बाळाला वडिलांकडून मिळालेला कुठलातरी घटक आईच्या शरीराला परका वाटला आणि त्याविरुद्ध तिने प्रतिपिंडे तयार केली, हा लेविन यांचा तर्क अचूक होता. त्यांनी त्या घटकाला नाव मात्र दिले नाही.

नाव आले पुढच्या वर्षी. लँडस्टायनर तेव्हा निवृत्त झाले होते, वय बाहत्तर, पण प्रयोगशाळा सुटली नव्हती. अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत त्यांनी ऱ्हीसस माकडाचे रक्त सशांना टोचले आणि सशांत तयार झालेला द्रव माणसांच्या रक्ताशी मिसळून पाहिला. न्यूयॉर्कच्या गोऱ्या लोकांपैकी सुमारे 85 टक्क्यांच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. ते आरएच पॉझिटिव्ह, उरलेले निगेटिव्ह. गंमत म्हणजे माकडाचा तो घटक आणि माणसातला महत्त्वाचा डी घटक एकच नाहीत, हे नंतर सिद्ध झाले. तोवर आरएच हे नाव इतके रुळले होते की ते बदलणे शक्य नव्हते. मग माकडाच्या घटकालाच लँडस्टायनर आणि वीनर यांच्या आद्याक्षरांवरून एलडब्ल्यू म्हणू लागले. शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून लेविन आणि वीनर यांच्यात पुढे बरीच वर्षे कडवा वाद चालला. लँडस्टायनर त्यात नव्हते. 24 जून 1943 रोजी प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले. हेलेन यांना त्या वेळी थायरॉइडचा कर्करोग होता. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्याही गेल्या.

घटक सापडला, पण बाळे वाचायला आणखी पंचवीस वर्षे लागली. प्रकार असा असतो. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात वार सुटताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात शिरते. आईचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. याला वेळ लागतो, म्हणून पहिले बाळ बहुधा सुखरूप असते. पुढच्या खेपेला मात्र ही प्रतिपिंडे तयारच असतात. ती वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला रक्तक्षय होतो, अंगावर सूज येते, जन्मल्यावर तीव्र कावीळ होते, काही बाळे पोटातच जातात. लिव्हरपूलमध्ये क्लार्क व फिन आणि न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गॉर्मन व पोलॅक यांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच उपाय शोधला. आईच्या शरीराने बाळाच्या पेशींची दखल घेण्याआधी तयार प्रतिपिंडे टोचून त्या पेशी नाहीशा करायच्या. हे अँटी-डी इंजेक्शन 1968 पासून अमेरिकेत सर्रास मिळू लागले.

आपल्याकडे निगेटिव्ह माणसे साधारण शंभरात पाच. हा दोष नव्हे, गट आहे. नवऱ्याचाही गट निगेटिव्ह असेल तर बाळ निगेटिव्हच असणार आणि इंजेक्शन लागत नाही. पण तो गट तोंडी सांगितलेला किंवा जुन्या लायसन्सवरचा नको, तपासलेला हवा. नवरा पॉझिटिव्ह असेल तर आईची कूम्ब्स चाचणी करतात. तिच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच तयार झाली असतील तर इंजेक्शनाचा उपयोग नाही. मग बाळावर बारीक लक्ष ठेवणे हाच मार्ग. चाचणी निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याला एक इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत दुसरे.

लोक अडतात ते पहिल्या इंजेक्शनाशी. बाळंतपणानंतर घ्यायचेच आहे, तर आधी कशाला, हा प्रश्न गैर नाही. उत्तर आकड्यांत आहे. काहीच घेतले नाही तर पॉझिटिव्ह बाळ झालेल्या शंभरातल्या साधारण सोळा स्त्रियांत प्रतिपिंडे तयार होतात. फक्त बाळंतपणानंतर घेतले तर दीड-दोन जणींत. दोन्ही घेतली तर हजारात एक ते तीन जणींत. ऐपत खरेच एकाच इंजेक्शनाची असेल, तर बाळंतपणानंतरचे चुकवू नये असे मी सांगतो. पण आधी सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. औषध मानवी रक्तद्रवापासून बनते, त्याची तपासणी व शुद्धीकरण झालेले असते. आता मोनोक्लोनल प्रकारचेही मिळते. टोचल्या जागी दुखणे, थोडा ताप, याहून जास्त त्रास क्वचितच होतो. अंगावर पाजायला हरकत नसते.

जास्त चुका होतात त्या बाळंतपणाबाहेर. गर्भपात, मग तो आपोआप झालेला असो वा करवलेला, नळीतला गर्भ, पोटावर पडणे किंवा मार लागणे, गर्भजलाची सुईने तपासणी, यांतही बाळाचे रक्त आईत शिरू शकते. क्युरेटिंग करून संध्याकाळी घरी गेलेल्या मुलीला कोणी गट विचारलेला नसतो आणि लग्न न झालेली असेल तर ती स्वतःहून सांगतही नाही. दोन वर्षांनी पहिले बाळ म्हणून ती येते, तेव्हा रक्तात प्रतिपिंडे असतात. 72 तास उलटले म्हणून इंजेक्शन सोडूनही देऊ नये. दहा दिवसांपर्यंत दिले तरी काही संरक्षण मिळते.

आणखी एक बारकी गोष्ट. बाळंत होताच नाळेतले रक्त घेऊन बाळाचा गट तपासायचा असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी लँडस्टायनर यांनी असेच रक्त परीक्षानळीत घेतले होते. बाळ निगेटिव्ह निघाले तर दुसरे इंजेक्शन वाचते. आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला घेतलेल्या इंजेक्शनाची तारीख कार्डावर लिहून घ्या. टोचलेली प्रतिपिंडे काही आठवडे रक्तात राहतात, त्यामुळे बाळंतपणाच्या वेळी कूम्ब्स चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. माहेरच्या गावी, नव्या डॉक्टरांसमोर, कार्डावर ती तारीख नसेल तर ही प्रतिपिंडे तिच्या शरीराचीच असा समज होतो आणि गरजेचे दुसरे इंजेक्शन दिले जात नाही.